ज्या बेटावर फक्त म्हाताऱ्यांना वाट दिसायची

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिच्यातले सगळे थोर म्हातारे केव्हाच मेले. त्यामुळे आता खरं सांगायला कोणाची परवानगी लागत नाही.

दोन मोठी राज्यं होती, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. दोघांच्या मधे समुद्राची चिंचोळी पट्टी होती, आणि त्या पट्टीत, घशात काटा अडकावा तसं एक बेट होतं.

बेट कसलं, चार माडांच्या बागा, एक टेकडी, एक गोड्या पाण्याची विहीर आणि किनाऱ्याला झोपड्या. भात पिकत नव्हता. सोनं सापडत नव्हतं. असल्या बेटाकडे राजांनी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण त्या पट्टीत पाण्याखाली जागोजाग खडपं, म्हणजे काळे खडक, दबा धरून बसलेली होती, आणि खडपांच्या मधून वाळू सरकत असे. मोठं जहाज जाईल अशी खोल वाट एकच होती, आणि ती बेटाला वळसे घेत जायची. बेटावरचे लोक तिला नळी म्हणत. गळ्यात असते तशी नळी.

उत्तरेच्या जहाजाला खालच्या समुद्रात उतरायचं, तर नळीतून. दक्षिणेच्या जहाजाला वर जायचं, तर नळीतूनच. म्हणून राजे कितीही मोठे असले तरी त्यांची जहाजं नळीच्या तोंडाशी येऊन शिडं उतरवत, पांढरं फडकं चढवत आणि मुकाट उभी राहत. मग बेटावरच्या होड्या निघायच्या. जहाजाला दोरखंड बांधून, वल्हवत वल्हवत, वळणावळणाने पलीकडच्या तोंडाला नेऊन सोडायच्या. बदल्यात जहाजवाले तांदूळ द्यायचे. बेट त्या तांदळावर जगायचं.

आता तुम्ही म्हणाल, चांगलं चाललं होतं की! चाललं होतं. पण चालवत कोण होतं ते ऐका.

नळीची वाट बेटावर फक्त पाच-सहा जणांना ठाऊक होती. त्यांना पांढरे म्हणत, कारण सगळ्यांचे केस पांढरे होते. केस पांढरे होईपर्यंत कोणाला वाट दाखवायची नाही, असा बेटाचा रिवाज होता. पण होड्या वल्हवायच्या तर तरण्या दंडांनी. मग त्यावर पांढऱ्यांनी तोड काढली होती. होडी नळीत शिरायची वेळ आली की वल्हेकऱ्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधायची. पांढरा पुढे उभा राहून ओरडणार, "उजवे ओढा! डावे थांबा!" आणि आंधळी तरणी पोरं ओढणार, थांबणार, ओढणार. परक्या जहाजाचे खलाशी खाली कोंडलेले असायचे, म्हणजे त्यांनाही काही दिसायचं नाही. तरी त्यांना सावलीत बसायला मिळायचं.

का हा रिवाज? तर म्हणे पूर्वी एका तरुण पोराने नळीची वाट परक्याला विकली होती. ही गोष्ट प्रत्येक पांढरा सांगायचा. त्या पोराचं नाव कोणालाच सांगता यायचं नाही. कोणाचा मुलगा, तेही नाही. मला विचाराल तर तो पोरगा कधी जन्मलाच नव्हता. तो पांढऱ्यांच्या कामाचा होता, एवढंच.

पांढऱ्यांचा प्रमुख होता तांडेल. त्याची मुलगी बुधी. दंडाची घट्ट, जिभेची तिखट. तिच्या शेजारच्या वल्ह्यावर पोशा बसायचा. पोशा पट्टी बांधल्या बांधल्या म्हणायचा, "चला, रात्र झाली. कोणी घोरू नका रे!" आणि सगळी होडी हसायची. पुढे उभा असलेला पांढरा तेवढा हसायचा नाही.

एकदा जाळी सुकवताना बुधीने बापाला विचारलं, "बा, मला वाट कधी दाखवणार?"

"तुझे केस बघ आधी."

"केसांनी वल्हवते का मी?"

"बुधे, पोरांच्या पोटात गोष्ट राहत नाही. आज दाखवली की उद्या दर्यापार."

"आणि तुम्ही सगळे पांढरे एका तापात गेलात तर?"

तांडेलाने हातातलं जाळं खाली टाकलं. "अभद्र बोलू नको. आम्हाला कुठे काय होतंय?"

बघा, हे उत्तर आहे. साऱ्या बेटाचं पोट ज्यावर, त्याची उद्याची सोय काय, तर आम्हाला कुठे काय होतंय!

पांढऱ्यांना राजांची भीती नव्हती. त्यांचं राजकारण एका वाक्याचं होतं. संध्याकाळी माडीचा घोट घेत ते हेच वाक्य एकमेकांना ऐकवत. "दोन्ही राजांचा गळा आपल्या चिमटीत आहे. फार दाबायचा नाही, फार सोडायचा नाही." उत्तरेचं जहाज आलं की त्याच्या कप्तानाच्या कानात सांगायचं, दक्षिणवाले हल्ली फार भारी जहाजं आणतात हो. दक्षिणेचं आलं की उत्तरेबद्दल तेच. दोन्ही राजे एकमेकांवर जळत होते, आणि त्या जाळावर बेटाचा भात शिजत होता. इथवर म्हातारे हुशार होते. ते कबूल करायला पाहिजे.

पण त्यांचा संशय फिरून फिरून आपल्याच पोरांवर यायचा. परक्यावर संशय घ्यायचं त्यांना सुचलंच नाही.

एका मोसमात, पाऊस सरल्यावर, उत्तरेच्या जहाजातून राजाचा दूत उतरला. जरीचा अंगरखा, मऊ आवाज. उतरल्या उतरल्या त्याने वाळूत गुडघे टेकले आणि तांडेलाच्या पायांना हात लावला.

"आमच्या महाराजांची इच्छा आहे," तो म्हणाला, "की आपल्यासारख्या सागरगुरूंचा राजधानीत सत्कार व्हावा. आमचे राजपुत्र आपल्या दर्शनाला आसुसले आहेत."

त्याने प्रत्येक पांढऱ्याच्या खांद्यावर शाल घातली आणि चांदीच्या मुठीची काठी दिली. पांढरे एकमेकांच्या काठ्या बघत होते, कोणाची मूठ मोठी म्हणून.

बुधीने बापाला बाजूला ओढलं. "बा, आजवर या लोकांनी तुला बसायला कधी घोंगडी तरी दिली का? आज पाया का पडतोय?"

"किंमत कळली त्यांना."

"किंमत नाही, वाट कळायचीय त्यांना."

"तुला माझा मान बघवत नाही, असं सांग ना!"

बाकीच्या पांढऱ्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, "तांडेला, हिला आवर. आजकालच्या पोरांना थोरांचं चांगलं झालेलं सोसत नाही."

पांढरे राजधानीला निघाले. वल्हवायला अर्थातच बुधी, पोशा आणि इतर पोरं. नळीतून जाताना पट्ट्या बांधल्या, बाहेर पडल्यावर सोडल्या.

राजवाड्यात एक मोठा चौक होता, आणि चौकात संगमरवरी तळं. गुडघाभर पाण्यात वाळू पसरून, काळे दगड मांडून कोणीतरी नळीचं रूप केलं होतं. काठावर राजाचे दर्यावर्दी लेखण्या घेऊन बसले होते. दूत अदबीने म्हणाला, "गुरुवर्य, आमच्या मुलांनी हौसेने मांडलंय. चुकलं असेल तर हसू नका."

चुकलं होतंच. मुद्दाम चुकवलेलं होतं. पहिलंच खडप भलत्या बाजूला ठेवलं होतं.

तांडेल बघत राहिला. त्याचे हात शिवशिवले. त्याने जन्मभर ती वाट डोक्यात वाहिली होती आणि एवढ्या वर्षांत त्याला कोणी "मग पुढे?" असं विचारलं नव्हतं. ज्यांनी विचारलं असतं, त्यांना त्यानेच विचारू दिलं नव्हतं. माणसाला जे येतं ते कोणाला तरी शिकवल्याशिवाय राहवत नाही. ती खाज आहे. घरच्यांसमोर दाबली की ती बाहेर जाऊन खाजवते.

"हे इथे नाही," तांडेल म्हणाला आणि धोतर खोचून तळ्यात उतरला.

तेवढ्यात त्याला काहीतरी आठवलं. तो मागे वळला. काठावर बुधी, पोशा आणि पोरं उभी होती.

"पट्ट्या बांधा," तो म्हणाला.

बुधीला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "बा, इथे?"

"रिवाज तो रिवाज. बांध."

"त्या लोकांचे डोळे उघडे आहेत, बा! त्यांच्या हातात लेखण्या आहेत!"

"ते पाहुणे आहेत आपले."

"पाहुणे आपण आहोत!"

"बांधतेस की हाताने बांधू?"

चौक सारा बघत होता. बुधीने पट्टी बांधली. परक्याच्या वाड्यात, भर दुपारी, बेटाची पोरं डोळे बांधून उभी राहिली, आणि राजाची माणसं पापणी न लववता बघत बसली. या वेळी पोशाही रात्र झाली असं म्हणाला नाही.

नुसतं ऐकू येत होतं. पाण्याचा डुबुक डुबुक आवाज. दगड सरकवल्याचा आवाज. "वा, गुरुवर्य!" "मग पुढे?" दुसरा पांढरा ओरडला, "अरे तांडेला, ते खडप तिरकं आहे, तुला काय ठाऊक!" तिसरा म्हणाला, "तुम्हा दोघांनाही नाही ठाऊक, सरका बाजूला." चढाओढ लागली. प्रत्येकाला आपलं शहाणपण आधी ठेवायचं होतं.

मग दुताचा मऊ आवाज आला. "पण गुरुवर्य, पावसाळ्यात वाळू सरकते, तेव्हा?"

"मग आम्ही नव्याने वाट बघतो."

"आपण म्हणजे बेटावरचे सगळे?"

"छे! आम्ही पांढरे. दुसऱ्या कोणाला काय कळतंय?"

"दुसऱ्या कोणालाच नाही?" दुताने पुन्हा विचारलं.

"कोणालाच नाही!" तांडेल अभिमानाने म्हणाला.

त्या उत्तराचे दाम दुताने मनातल्या मनात लगेच केले असतील.

परतीच्या वाटेवर तांडेल बुधीला म्हणाला, "आम्ही काय खुळे आहोत? उत्तरेच्या तोंडापासून निम्मीच दाखवली. निम्म्या वाटेने जाऊन जाऊन जातील कुठे? मधेच आपटतील."

आणि मग पांढऱ्यांच्या डोक्यातून ती थोर युक्ती निघाली. दक्षिणेच्या राजाला ही बातमी लागली होती. त्याचा दूत रागावून आला. तुम्ही उत्तरेला मिळालात, म्हणाला. पांढऱ्यांनी विचार केला, तोल राखला पाहिजे. मग ते दक्षिणेच्या राजधानीला गेले, तिथेही शाली घेतल्या आणि दक्षिणेच्या तोंडापासूनची निम्मी वाट तिथे सांगून आले.

"आता बघ," तांडेल बुधीला म्हणाला, "एकाकडे वरचा अर्धा, एकाकडे खालचा. दोघंही अपुरे. दोघंही रुसणार नाहीत. याला म्हणतात राज्यकारभार."

"आणि ते दोघं भेटले तर?"

पांढरे इतके हसले की एकाला ठसका लागला. "पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी, आणि भेटतायत!"

"आजवर त्यांच्याकडे एकमेकांना द्यायला काही नव्हतं, काका," बुधी म्हणाली. "आता तुम्ही दोघांच्या हातात अर्धी अर्धी भाकरी दिलीय."

"पोरी, तुझं वय काय, बोलतेस काय!"

पुढच्या उन्हाळ्यात उत्तरेच्या राजकन्येचं दक्षिणेच्या राजपुत्राशी लग्न ठरलं.

वऱ्हाडाची जहाजं आली. सारं बेट किनाऱ्यावर जमलं. पांढरे शाली पांघरून, काठ्या टेकत पुढे उभे होते. होड्या तयार होत्या, दोरखंड तयार होते. जहाजांनी शिडं उतरवली नाहीत. पांढरं फडकं चढवलं नाही. सनई वाजवत, पताका हलवत ती सरळ नळीत शिरली, पहिल्या वळणाला वळली, दुसऱ्या वळणाला वळली, आणि बेटासमोरून निघून गेली. वऱ्हाडातल्या बायकांनी गंमत म्हणून किनाऱ्याच्या दिशेने मूठमूठ अक्षता उधळल्या.

अक्षता वाऱ्यावर उडत बेटाच्या वाळूत पडल्या. त्या मोसमात बेटावर आलेला तांदूळ तेवढाच.

वऱ्हाड परत फिरलं तेव्हा एक जहाज थांबलं. दोन्ही राजांचे दूत एकत्र उतरले, हसत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. "गुरुवर्यांनी आता इथे कष्ट का काढावेत? राजवाड्यात राहावं. वर्षातून एकदा आमच्या जहाजावरून वाट बघून द्यावी, बस्स. सगळ्यांनी चलावं."

सगळ्यांनी. शब्द नीट ऐका. बेट जिंकायला ना फौज लागली ना तोफ. पाच-सहा म्हातारे एका होडीत बसवले की बेट आंधळं. म्हाताऱ्यांनी गुपित इतकं जपून, इतकं आवरून, इतकं एका जागी बांधून ठेवलं होतं की चोराला गाठोडं बांधायचेही कष्ट पडले नाहीत.

बाकीचे पांढरे आनंदाने निघाले. एक तर बायकोला म्हणाला, "बघितलंस? तू म्हणायचीस माझं काही होणार नाही." तांडेल मात्र थबकला. त्याने एकदा जहाजाकडे बघितलं, एकदा किनाऱ्यावरच्या काळ्या केसांच्या गर्दीकडे. चेहरा पडला. दुताचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि तो आता मऊ नव्हता.

"बुधे!" तो पाण्यातून ओरडला. "बुधे, ऐक, ओहोटीला..."

त्याला होडीत ओढलं. जहाजावर सनई सुरू झाली. ओहोटीला काय, ते राहूनच गेलं.

मग उपास सुरू झाले. मासे होते, नारळ होते, पण भाताच्या पेजेवर वाढणारी लेकरं नुसत्या माशांवर टिकेनात. बाहेर जाऊन तांदूळ आणावा, तर खडपांतून होडीलाही वाट नळीचीच, आणि ती पार करायची कोणी? राजांनी बेटावर पहारासुद्धा ठेवला नाही. आंधळ्याला कोंडायला कुलूप कशाला?

इथे तुम्हाला वाटत असेल, इतकी वर्षं पट्टी बांधून वल्हवणाऱ्या पोरांना आवाजावरून वाट पाठ झाली असेल. नाही. असल्या गोष्टी म्हातारे सांगतात, म्हणजे पट्टी बांधण्यातही काही चांगलं होतं असं वाटावं. पोरांना काहीही पाठ नव्हतं. डोळे बांधले की दिसत नाही, एवढंच त्यातून शिकायला मिळतं.

बुधी म्हणाली, "आपण वाट बघायला जाऊ."

पांढऱ्यांच्या बायकांनी तिला अडवलं. "काळ्या केसांनी नळीत बघितलं तर दर्या कोपतो."

"मावशी, दर्या कोपायचा तेवढा कोपलाय. तुमच्या चुलीत बघा."

ती आणि पोशा ऐन ओहोटीला लांब बांबू घेऊन निघाले. बांबू खाली घालायचा, वाळू लागते की खडप लागतं ते बघायचं, पुढे सरकायचं. पोशा म्हणाला, "बुधे, किती उजेड आहे गं इथे! मला तर वाटायचं नळीत कायमचा अंधार असतो." दोघं हसले. रोज थोडं पुढे जायचे. परत आले की वाळूवर रेघा मारून सगळ्यांना दाखवायचे. सगळ्यांना. ज्याला बघायचं नाही त्याची मान धरून बुधी त्याला बघायला लावायची.

मधल्या वळणाला ओहोटी एकाएकी उलटून भरती आली. होडी खडपावर आदळून फुटली. बुधीच्या हाताला फळी लागली. पोशाच्या हाताला काही लागलं नाही.

त्या खडपाला बेटाने पोशाचं नाव दिलं. पोशाला त्याचा काय उपयोग! तांडेलाने ते खडप एका वाक्यात सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी बुधी किनाऱ्यावर आली तेव्हा तिला वाटलं होतं कोणी येणार नाही. पण पोशाची आई बांबू घेऊन उभी होती. "चल," ती म्हणाली, "ते खडप मला दाखव." तिच्या मागून कडेवर पोर घेतलेल्या बाया आल्या, तरणे आले, विहिरीवर पाणी शेंदणारे आले. सगळं बेट पाण्यात उतरलं. पुढची अमावस्या येईपर्यंत त्यांनी पलीकडचं तोंड गाठलं, आणि पहिल्यांदा स्वतःच्या होडीने जाऊन, सुके मासे देऊन तांदूळ आणला.

पावसाळा आला. दर्या खवळला, वाळू जागच्या जागी राहिली नाही. पाऊस सरल्यावर राजांची जहाजं निघाली. पहिल्या जहाजावर पांढरे बसवलेले होते. पण महिनोन्‌महिने संगमरवरी तळ्याकाठी बसलेल्या माणसाला दर्याचा रंग कसा वाचता येणार? ज्या किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळ उभं राहून ते वाळूची चाल ओळखत, तो किनाराच त्यांच्या पायाखाली राहिला नव्हता. एक म्हणाला उजवीकडे, एक म्हणाला डावीकडे. पहिलं जहाज वाळूत रुतलं, दुसरं त्याच्यावर आपटलं, तिसरं पोशाच्या खडपावर फुटलं.

उत्तरेचा राजा म्हणाला, "व्याह्याने खालचा अर्धा खोटा सांगितला." दक्षिणेचा म्हणाला, "वरचाच खोटा होता." राजकन्या माहेरी आली. अर्ध्या भाकरीवर जमलेली सोयरीक किती दिवस टिकणार?

आणि एके सकाळी दोन्ही दूत बेटावर आले, वेगवेगळ्या होड्यांतून, एकमेकांकडे न बघता. दोघांच्याही काखेत नव्या शाली.

"नळीची वाट आता इथे कोणाला ठाऊक आहे?" उत्तरेच्या दुताने मऊ आवाजात विचारलं.

"मला," बुधी म्हणाली.

दुताने शाल उलगडली. एवढ्यात पोशाची आई म्हणाली, "मलाही." मागून कोणीतरी ओरडलं, "मला पण!" माडावर चढलेला एक जण वरूनच म्हणाला, "अहो, मला विचारा, मी कालच बघून आलो." एक चिमुरडी पुढे येऊन म्हणाली, "मोठ्या खडपाजवळ वाळू आलीय. तिकडून जाऊ नका हं."

दूत शाल हातात धरून उभा राहिला. कोणाच्या खांद्यावर घालायची तेच त्याला कळेना.

दक्षिणेचा दूत फणकारला. "हे तर सगळ्यांनाच ठाऊक! मग याचं मोल काय राहिलं? एखाद्याला बोलतं करायला कितीसा वेळ?"

"करा ना," बुधी म्हणाली. "आजची वाट आज घेऊन जा. पावसाळ्यानंतर ती मेलेली असेल. मग परत या. वाट वाड्यात नेता येते हो, दूतसाहेब, बेट नेता येत नाही. वाळू रोज कोणीतरी बघायला लागते, आणि रोज बघायचं तर इथे राहावं लागतं. आम्ही राहतो."

दोन्ही दुतांनी पहिल्यांदा एकमेकांकडे बघितलं.

"तांदूळ पहिल्यासारखाच द्यायचा," ती म्हणाली. "दोघांनी सारखा. दोघांच्या जहाजांना सारखीच वाट. एकाच्या कानात दुसऱ्याची चुगली आम्ही सांगणार नाही, आणि आमच्या कानातही कोणी सांगायची नाही. आणि आमचे म्हातारे परत आणा."

उरले होते तेवढे आणले. बरेच तिकडेच वारले होते. तांडेल परत आला, शाल विरलेली, डोळ्यांत फूल पडलेलं. पहिल्यांदा त्याने लेकीला चाचपडून ओळखलं आणि रडला. तिने त्याला पेज दिली.

चार दिवसांनी त्याने ऐकलं, ओहोटीच्या वेळी लहान-मोठी पोरं होड्यांतून वाट बघायला निघाली आहेत. तो काठीशिवाय धडपडत किनाऱ्यावर आला.

"बुधे, एवढ्या सगळ्यांना दाखवतेस? अगं, यातला एखादा फुटेल!"

बुधीने वल्हं खाली ठेवलं.

"बा, बेटावरून आजवर फुटलं कोण? तू फुटलास. तुझे पांढरे फुटले. एकाही पोराने तोंड उघडलं नव्हतं."

एक लाट तांडेलाच्या पायांवरून येऊन गेली. मग त्याने हात पुढे केला, आणि एका पोरीने त्याला धरून होडीत, सगळ्यांच्या मागे, बसायला जागा दिली. त्याच्याकडे सांगण्यासारखं आता काही नव्हतं. वाट बदललेली होती. तो ऐकत बसला.

राजे मेले, नवे आले, त्यांचीही जहाजं नळीच्या तोंडाशी शिडं उतरवून उभी राहिली. अजून बेटावर कोणी शाल घेऊन आलं की लोक आधी त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते बघतात.

तात्पर्य: जे घरच्या पोरांवर संशय घेऊन शहाणपण मूठभरांत कोंडतात, त्यांचं घर लुटायला परक्याला एक मूठच पुरते.